हिरवळीवरचा आकडा

२ मार्च
यंत्र आलं. दोन खोकी आणि एक लांब नळकांडं. पोचवणाऱ्याने सगळं फाटकापाशी टाकलं, सही घेतली आणि पसार झाला. आत एक खांब, उन्हाची तबकडी, तापमान आणि दमटपणा मोजणारी पांढरी डबी, आणि वारा मोजायच्या तीन गरगर फिरणाऱ्या वाट्या. आई म्हणाली, "हे खेळणं कुणासाठी?" मी म्हटलं, शांततेसाठी.

शांतता म्हणजे धाकट्याची आणि माझी. वडिलांनी जाण्याआधी वाटण्या करून दिल्या. खालची जुनी बाग, घर, तळं आणि पंप माझ्याकडे, वरचा उघडा माळ धाकट्याकडे. अट अशी की माळावर बाग उभी राहिली तर माळ त्याचा, नाही राहिली तर तो माझ्याकडे परत. आणि पाणी दोघांना एकाच तळ्यातलं, पाळी मी ठरवायची, कारण "थोरल्याला हिशोब कळतो." हे वडिलांचे शब्द. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, धाकटा विम्याच्या कचेरीत लोकांना चहा पाजून पॉलिसी गळ्यात मारत होता. ती नोकरी सोडून आता तो बागायतदार झालाय. माळावर साडेतीनशे संत्र्याची कलमं लावून बसलाय आणि आठवड्यातून दोनदा येऊन म्हणतो, "दादा, पाणी कमी पडतंय."

कमी म्हणजे किती? ते त्याला सांगता येत नाही. म्हणून यंत्र. माती आणि पानं मिळून दिवसाला किती पाणी हवेत सोडतात, तेवढंच परत द्यायचं. हे मोजायच्या तीन रीती. उघडं भांडं ठेवून रोज किती उडालं ते पट्टीने बघायचं, ही अडाणी रीत. नुसत्या कमाल-किमान तापमानावरून अंदाज ठोकायचा, ही आळशी रीत. आणि तापमान, दमटपणा, ऊन, वारा या चौघांना एका सूत्रात बसवायचं, ही खरी रीत. आपण खरी घेतली. मला माळाचं काही नकोय, पण चुकीचं गणित सहन होत नाही.

४ मार्च
खांब कुठे रोवायचा यावर सकाळ गेली. धाकटा म्हणे वर माळावर रोव, झाडं तिथे आहेत. त्याला पुस्तक उघडून दाखवलं. यंत्र आखूड कापलेल्या, भरपूर पाणी दिलेल्या हिरव्या गवतावर असावं, असं स्वच्छ लिहिलंय. असं गवत या सगळ्या जमिनीत एकच, आईच्या खोलीसमोरची हिरवळ. माळावर काय आहे? दगड आणि त्याची बायको.

त्याने पुस्तक हातात घेऊन पुढचं वाक्य वाचायला सुरुवात केली, झाडं आणि भिंती यांच्यापासून दूर, मोकळ्यावर, वगैरे. ते सपाट प्रदेशांत राहणाऱ्यांसाठी असतं. आपल्याकडे हिरवळीच्या एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला जुन्या झाडांची रांग, ते काय उपटून टाकू? खांब रोवला. वाट्या जेमतेम हलल्या. खालच्या बागेत वाऱ्याचा त्रास कधीच नव्हता.

९ मार्च
पहिल्या पाच दिवसांचा आकडा: दिवसाला ४.८ मिलिमीटर. हा आकडा भरल्या गवताचा. लहान झाडांची सावली थोडी, म्हणून त्याला ०.६ ने गुणायचं. याला पिकाचा गुणांक म्हणतात. त्यावरून पंप किती वेळ चालवायचा ते निघतं. धाकट्याला कागदावर लिहून दिलं. तो कागदाकडे बघत राहिला, वर्गातली मागच्या बाकावरची पोरं बघतात तसा.

संध्याकाळी त्याच्या आग्रहाखातर माळ चढून गेलो. माझी बायकोही बरोबर होती. त्याने आम्हा दोघांना एकेक झाड दाखवलं, जणू आम्ही मुलगी बघायला आलोय. वाकून म्हणाला, "हा जोड बघ. जोडाच्या वर संत्रं, खाली रानलिंबाचा खुंट. खालून फूट आली की लगेच खुडायची. ती जंगली. काट्याची, जोमाची, भराभरा वाढते आणि वरच्याचा जीव घेते. फळ आलं तरी तोंडात धरवत नाही." बायको मान डोलावत होती. मी पंपाच्या नळीचा उतार बघत होतो. ज्याला त्याला शिकवायची हौस.

त्याची बायको पाणी घेऊन आली. म्हणाली, "दादा, एवढा उन्हाळा निघाला ना, की झालं. हे म्हणतात एकदा मुळं धरली की मग भीती नाही. नाही निघाला तर मात्र माझ्या वडिलांच्या दुकानात बसावं लागेल यांना." तिने हे हसत सांगितलं. दुकानात बसणं काही वाईट नाही, मी म्हटलं.

२३ मार्च
आईला वाकायला होत नाही. तिने कपडे वाळत घालायची दोरी यंत्राच्या खांबाला बांधली. मी आधी ओरडणार होतो. पण म्हातारीला एवढं सुख असू दे. दोरी नेमकी तिच्या हाताच्या उंचीला येते. चादरी, पलंगपोस, सगळं तिथे.

या आठवड्यात दमटपणा वाढलाय. वारा आणखी पडला. आकडा ४.४ वर आला. ऋतूच्या मानाने थोडा नवलाचा, पण खोऱ्यांचा स्वभाव निराळा असतो. धाकट्याची पाळी तेवढ्याने कमी केली. जो आकडा वाढवतो तोच कमीही करतो, हे त्याला पचायला हवं.

२ एप्रिल
धाकटा: "दादा, पानं वळायला लागलीत." मी: "किती अंशांनी?" मोजलेलं नाही.

११ एप्रिल
आज त्याने आम्हाला माळावर नेलं. पत्र्याचं एक मोठं घमेलं जमिनीवर ठेवलंय, वर जाळी, आत पट्टी. अडाणी रीत. म्हणाला, "रोज चौदा मिलिमीटर उडतंय. तुझ्या पुस्तकातलंच आहे, दादा. कोरड्या वाऱ्याच्या जागी घमेल्याच्या आकड्याला ०.६ ने गुणायचं, की गवताचा आकडा निघतो. आठच्या वर येतं. तुझा आकडा त्याच्या निम्म्यावर आहे."

म्हणजे माझं पुस्तक तो माझ्या मागे वाचतो! मी म्हटलं, पाखरं पीत असतील. "जाळी आहे," म्हणाला. मग कुत्रं. "जाळी आहे, दादा." मग पत्रा तापत असेल. मी पट्टी नीट वाचायला वाकलो आणि माझी टोपी उडाली. चांगली लोकरी टोपी, निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली. गडगडत माळाच्या टोकापर्यंत गेली आणि खाली दरीत. धाकटा हसला. त्याची बायको हसली. माझी बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून उभी होती.

धाकटा म्हणाला, "तुझ्या वाट्या इथे असत्या तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

तीस वर्षांत माझ्या वर्गात मला कुणी हसलेलं नाही. एकदा एकजण हसला होता, त्याला मी वर्षभर दारात उभा केला.

१२ एप्रिल
गुणांक पुन्हा तपासला. लहान झाडांसाठी पुस्तकात एकच आकडा नाही, पल्ला आहे. ०.६ हे फार उदार होतं. ०.४५ केला. यात मनात काही धरून केलेलं नाही. दोन्ही आकडे पुस्तकातले आहेत, आणि मी तो सकाळी, शांत डोक्याने, चहा पिऊन बदलला.

२० एप्रिल
घरच्या टाकीतलं पाणी लवकर संपतंय. दोन दिवसांचं पाणी एका दिवसात जातं. कुठेतरी गळती आहे. नळदुरुस्तीवाला येऊन सगळे सांधे बघून गेला, गळती कुठेच नाही म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. याला दहापैकी दोन.

बायकोला हल्ली सकाळी फिरायला जायचं वेड लागलंय. उजाडायच्या आत उठते. येते तेव्हा दमलेली असते, पाठ धरलीय म्हणून मलम लावून घेते. या वयात एवढं चालू नये, मी सांगितलं. बादल्यांच्या कड्या झिजल्यात, त्याही बदलायला हव्यात. वस्तू हल्ली टिकत नाहीत.

२९ एप्रिल
वाऱ्याच्या वाट्या थांबल्या. पलंगपोसाची झालर त्यात अडकून दांडी वाकली. सुटा भाग मागवलाय, यायला महिना-दीड महिना लागेल. आईला बोललो नाही. खरं तर थोडा बोललो, ती रडली, मग मीच दोरी पुन्हा बांधून दिली.

वाऱ्याशिवाय खरी रीत चालत नाही. तूर्त तापमानावरची रीत घेतली. मी तिला आळशी म्हटलं होतं, पण नीट वाचल्यावर कळतं की जगात कित्येक जण हीच वापरतात आणि सुखाने राहतात. कमी सामग्रीत भागवणं हाही गुण आहे. हिरवळीवर दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही, त्यामुळे आकडा ४.१ आला. गेले चार दिवस वर माळावरून घोंघों आवाज येतोय. दारं-खिडक्या लावून घेतल्या, धूळ येते.

३ मे
धाकट्याची बायको एकटी खाली आली. चप्पल बाहेर काढली आणि दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"दादा, एक पाळी जास्तीची द्या. एकच. हा वारा जाईपर्यंत."

"मी देणारा कोण?" मी म्हटलं. "आज एक जास्त दिली तर उद्या दुसरी. मग सूत्र कशाला आणलं?"

"झाडं मरतायत."

"तुला वाटतंय."

"मला दिसतंय, दादा."

मी तिला समजावलं की डोळ्याला दिसणं आणि मोजणं यात फरक असतो. पृथ्वीसुद्धा सपाट दिसते. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक, तिचं लक्ष माझ्या गळ्यातल्या पंपाच्या किल्लीकडे होतं. मग माझ्या बायकोकडे बघून वळली आणि गेली. बायको तिच्या मागे फाटकापर्यंत गेली, परत आली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भाजी मात्र बरी झाली होती.

६ मे
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी वाकडंतिकडं सांगायला नको.

दुपारी हिरवळीवर पाणी चालू होतं. फवारे. रोज चालू असतं, कारण यंत्राखालचं गवत हिरवंच हवं, ही पुस्तकातली पहिली अट. धाकटा स्कूटरवर दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे कॅन बांधून चालला होता. लांबच्या विहिरीवरून पाणी आणतो म्हणे, मग माळाच्या पायथ्यापासून खांद्यावर. फाटकातून त्याला फवारे दिसले. स्कूटर तिथेच आडवी टाकली. कॅन फुटला.

"दादा, हे काय?"

"हिरवळीला पाणी."

"वर माझी झाडं उभी जळतायत आणि तू गवताला पाणी घालतोयस?"

"आवाज खाली. गवत वाळलं तर आकडा चुकेल. आकडा चुकला तर तुझ्या झाडांना चुकीचं पाणी मिळेल. म्हणजे नीट विचार केलास तर हे पाणी तुझ्याच झाडांसाठी आहे."

त्याने स्कूटर उचललीही नाही. मग पुढे आला आणि हिरवळीत मधोमध बसला. फवारा त्याच्या डोक्यावरून फिरत होता. त्याने दोन्ही पंजे गवतात खुपसले, चिखलापर्यंत, आणि ते ओले हात तोंडावर धरले. पन्नास वर्षांचा माणूस. पॅन्ट भिजली ते त्याला कळलंही नाही.

"तुला माळ हवाय का?" तो म्हणाला. "हवा असेल तर सांग. आत्ता देतो, लिहून देतो. पण झाडं मारू नकोस रे. त्यांनी तुझं काय केलंय?"

हा आरोप मला लागला. अंगाला भोकं पडावीत असा आरोप. मी म्हटलं, "आकडा मी काढत नाही. सूत्र काढतं. मी फक्त वाचून दाखवतो."

आई खोलीतून बाहेर आली. "अरे, दे ना त्याला थोडं. तुला कशाची कमी आहे?" आईचं हे नेहमीचं. लहानपणी भोवरा माझा असला तरी दे ना त्याला. पतंग माझा, दे ना त्याला. एकदा तरी कुणी त्याला म्हटलंय का, की दादाला दे?

मी वेळ संपेपर्यंत फवारे चालू ठेवले. तो उठून गेल्यावर पाहिलं तर बसलेल्या जागी गवत चेपलं होतं. ते हाताने उभं केलं. असमान गवताने वाचन बिघडतं.

१७ मे
वारा थांबला. आता ऊन नुसतं.

धाकटा येत नाही. भांडण नाही, तक्रार नाही. यंत्र आणलं त्याचा हेतू सफल झाला म्हणायचा.

३० मे
धाकटा आणि त्याची बायको आज गेले. टेम्पोत दोन पेट्या, गादी, शिवणयंत्र. त्याचं ते पत्र्याचं घमेलं त्याने माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. म्हणाला, "वर काही उरलं नाही. काड्या आहेत. अट होती तसं माळ तुझा."

मी म्हटलं, मन मोठं कर, दुकानातही नाव काढशील. त्याने आईला नमस्कार केला. माझ्या बायकोला करताना तो बराच वेळ वाकून राहिला, दोघं काहीतरी कुजबुजले. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला नमस्कार करायचा राहिला. गडबडीत होतं असं माणसाचं.

आई जेवली नाही. मला म्हणाली, "तू त्याला जन्मल्यापासून पाण्यात पाहिलंस." म्हातारं माणूस, मनावर घ्यायचं नाही. पण घेतलं. पानावरून उठलो. मी त्याला चालायला शिकवलंय. पाढे शिकवलेत. सातचा पाढा त्याला येत नव्हता म्हणून उपाशी ठेवला होता एक दिवस, आणि संध्याकाळी आला की नाही पाढा?

१५ जून
वाट्यांचा सुटा भाग आला. आता माळ आपलाच, तेव्हा यंत्र खाली कशाला? वर मोकळ्यावर नेऊन रोवलं. खालचं लांबचं अनुमान कितीही चांगलं असलं तरी प्रत्यक्ष जागेवरचं वाचन ते वाचन. बुडाखाली हिरवळीचे तुकडे आणून लावले.

वाट्या अशा सुटल्या की मी हात मागे घेतला. पहिला आकडा ९.३. मला वाटलंच होतं. त्या जागी वारा आहे, हे माझ्या टोपीने सर्वांत आधी सांगितलं होतं. पाणी त्या मानाने वाढवलं, दुपटीहून थोडं जास्त. गुणांकही पुन्हा ०.६. कंजूषपणा माझ्या स्वभावात नाही.

पायवाटेच्या कडेची अकरा झाडं मात्र हिरवी आहेत! बाकी सगळ्या काड्या आणि हीच अकरा तेवढी तग धरून. माझ्या आकड्यावर झाड जगतं याचा आणखी काय पुरावा हवा? बाकीच्या ठिकाणी माती हलकी असणार. धाकट्याने माती तपासायला हवी होती.

आणखी एक. घरच्या टाकीची गळती आपोआप थांबली. बायकोचं सकाळचं फिरणंही सुटलं. मी म्हटलंच होतं, ही हौस चार दिवसांची.

२६ ऑगस्ट
साडेतीनशेपैकी तीनशेच्या वर फुटली! मेली म्हणून जी टाकून गेला ती! आज माळावर अक्षरशः नाचलो. बुंध्यापासून, अगदी जमिनीलगत, कोवळे धुमारे. काही तर गुडघ्याएवढे झाले. काळजी एवढीच घ्यायची की वरची वाळकी काडी त्यांना आड येते, म्हणून ती सगळी जोडापासून कापून टाकली. रान कसं मोकळं झालं.

काटे जरा जास्त आहेत. पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो. कोवळेपणी येत असेल.

आईला हाताला धरून दाखवायला नेणार होतो. ती म्हणाली, मला दिसत नाही आता. परवाच तर सुईत दोरा ओवत होती.

१३ नोव्हेंबर
आजचा दिवस लिहायला हात शिवशिवतोय.

बाग छातीएवढी झाली. उन्हाळ्यात मेलेली झाडं चार-पाच महिन्यांत छातीएवढी, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. फक्त ती पायवाटेची अकरा झाडं मागे राहिली. मांडीपर्यंत येऊन थांबलीत. काटा नाही, जोम नाही, दोन-चार पानं टाकतात आणि दमतात. बागेत एकसारखेपणा हवा, नाही तर गुणांक कुठल्या उंचीचा धरायचा? दोन मजुरांना सांगितलं, अकराही काढा, त्या जागी बाजूचे धुमारे रुजवू.

बायको कधी नव्हे ती वर चढून आली. हातातलं पीठही धुतलं नव्हतं.

"ती अकरा राहू द्या."

"का?"

"भावजी म्हणाले होते ना, जोडाच्या खालून फुटतं ते..."

"ज्याची सगळी झाडं मेली त्याने मला झाडं शिकवायची?"

"अहो, माझं ऐका."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पहिल्यांदा म्हटलं असेल. ती जाऊन पहिल्या झाडापाशी उभी राहिली. मजूर थांबले, माझ्याकडे बघायला लागले. परक्यांसमोर असा तमाशा! मी एवढंच म्हटलं, घरी जा. ती गेली नाही. शेवटी मी स्वतः कुदळ घेतली. पहिलं झाड मला वाटलं त्यापेक्षा घट्ट होतं, मुळं चांगली खोल गेलेली. दुसऱ्याला मजुरांनी हात लावला. ती तिथेच उभी होती, अकरा होईपर्यंत. काढलेली सगळी झाडं तिने ओच्यात गोळा केली, मातीसकट, आणि खाली उतरली. उपटलेल्या झाडांचं काय करणार आहे देव जाणे.

संध्याकाळी मी धाकट्याला फोन केला. त्याला कळायला हवं. दुकानात होता, मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "तुझी झाडं जिवंत आहेत. छातीएवढी!"

त्याने गिऱ्हाइकाला थांब म्हटलं. मग हळूच म्हणाला, "खरं सांगतोस, दादा?" त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

"खरं. नुसता जोम. बोटाएवढे काटे आलेत."

त्याने विचारलं, "जोडाच्या वरून फुटली की खालून?"

"वर काय आणि खाली काय, झाड एकच असतं. बुडापासून फुटली."

"वरून एकही नाही फुटलं? एकही?"

"अकरा होती," मी म्हटलं. "जगली होती तुझी, जशीच्या तशी. पण खुजी. ती आज सकाळी काढून टाकली."

पलीकडे कुणीतरी साखर मागत होतं, पुन्हा पुन्हा. धाकट्याने फोन ठेवला नव्हता, श्वास ऐकू येत होता. मी दोन-तीनदा हॅलो म्हटलं. त्याला आनंदाने बोलवत नसेल, स्वभावच त्याचा हळवा.

फळं धरली की पहिली पेटी त्याला पाठवायची असं मी ठरवलंय. त्याच्याच झाडांची आहेत, पहिली चव त्याने घ्यावी.